कडबोळं निर्दोष आहे

पाडव्याच्या सकाळची गोष्ट. फराळाची ताटं मांडली होती. थोरल्या जाऊबाईंनी आग्रहाने वाढलेलं कडबोळं मी तोंडात टाकलं आणि कट्ट असा आवाज झाला. कडबोळं मोडलं असं समजून मी आणखी दोनदा चावले. मग जिभेला काहीतरी टोकदार लागलं. तळहातावर काढून पाहिलं, तर भाजणीच्या चुऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा. खालची डावी दाढ तुटली होती.

जाऊबाईंचा चेहरा उतरला. "मोहन कमी पडलं का गं?" त्या तीनतीनदा विचारत राहिल्या. घरातल्या प्रत्येकाने एकेक कडबोळं चावून पाहिलं आणि कडबोळी खुसखुशीत आहेत, असा निकाल एकमताने लागला. तरीही पुढचे दोन दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला "जरा जपून खा हो" असं सांगत राहिल्या आणि स्वतःच्याच डब्याची अब्रू घालवत राहिल्या.

भाऊबीज आटोपल्यावर दाताच्या डॉक्टरबाईंकडे गेले. तुटलेल्या दाढेकडे त्यांनी ओझरतं पाहिलं. मग दोन्ही हातांनी माझे गाल चाचपले, कानशिलांवर बोटं ठेवून "दात घट्ट मिटा" म्हणाल्या, जीभ बाहेर काढायला लावली आणि विचारलं, "झोपेत दात खाता का?"

"छे! मी नाही खात."

"तुम्हाला कसं कळणार? घरी विचारा."

त्यांनी माझ्या हातात आरसा दिला. खालचे पुढचे दात पट्टी लावून कापल्यासारखे सपाट होते. सुळ्यांना टोक असायला हवं, माझे सुळे शेजारच्या दातांच्या पंगतीत मुकाट बसले होते. गालाच्या आतल्या बाजूला, दात जिथे मिटतात तिथे, एक पांढरी आडवी रेघ होती. आणि जिभेची कड? करंजी कातण्याने कापल्यासारखी नागमोडी. रोज सकाळी याच तोंडात ब्रश फिरवत होते, पण यातलं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

"या दाढेला केव्हाचा तडा असणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कडबोळं फक्त शेवटी आलं."

रात्री नवऱ्याला विचारलं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता तो म्हणाला, "खातेस की. वीसेक वर्षं तरी."

"मग आजवर बोलला का नाहीस?"

त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मला वाटायचं, दिवसभराचा राग निघतोय. सकाळी उठून कोण विचारणार, की बाई, कुणावर दात खात होतीस?"

*

त्याची चूक म्हणावी, तर ती मराठीचीही आहे. आपल्याकडे वैरी एकमेकांवर दात खातात, संतापलेला माणूस दातओठ खातो आणि झोपलेलं मूलही दात खातं. क्रियापद एकच. त्यामुळे दात खाणाऱ्या माणसाचं निदान त्याच्या उशाशी बसलेली भाषाच करून टाकते: याच्या मनात काहीतरी धुमसतंय. मूल असेल तर दुसरं निदान तयार असतं, जंत झालेत. आणि नवी सून असेल तर तिसरं. माझ्या आजीच्या तोंडी त्यासाठी ‘अवलक्षण’ असा शब्द होता.

हे क्रियापद जुनं आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त बालग्रहांची लक्षणं सांगताना ‘दंतखादी’ असा शब्द येतो. तिथे दात खाणारं मूल ग्रहाने पछाडलेलं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे युरोपातले डॉक्टरही यापासून फार लांब नव्हते. १९०७ साली मारी आणि पिएत्किएविच या दोघांनी फ्रेंचमध्ये या प्रकाराला ‘ब्रुक्सोमानी’ असं नाव दिलं. दात करकरण्याच्या ग्रीक शब्दाला त्यांनी वेडाचं शेपूट जोडलं होतं. १९३१ साली फ्रोमनने वेड काढून टाकलं आणि ‘ब्रक्सिझम’ हा आज दवाखान्यात ऐकू येणारा शब्द रूढ झाला.

त्यानंतर बरीच वर्षं दोष दातांच्या ठेवणीवर गेला. वरचे-खालचे दात नीट बसत नाहीत, एखादा दात उंच लागतो, म्हणून जबडा रात्रभर तो अडथळा घासून काढायला बघतो, असं मानत. मग दंतवैद्य तो उंचवटा घासून द्यायचे. १९८४ साली एका प्रयोगात हे उलटं करून पाहिलं. काही जणांच्या दाढांवर मुद्दाम उंच टोप्या बसवल्या. दात खाणं वाढायला हवं होतं. सुरुवातीच्या रात्री बहुतेकांच्या जबड्याची हालचाल उलट कमीच झाली.

मग २०१३ साली आणि पुन्हा २०१८ साली निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून व्याख्या नव्याने लिहिली. झोपेतलं दात खाणं वेगळं आणि जागेपणी दात आवळणं वेगळं, अशी फारकत केली. एरवी धडधाकट असलेल्या माणसात झोपेतलं दात खाणं हा आजारच मानू नये, ती जबड्याच्या स्नायूंची एक हालचाल आहे, असंही त्यांनी म्हटलं. ती हालचाल काहींचं काहीच बिघडवत नाही आणि काहींचे दात मोडते. कधी कधी ती मागे दडलेल्या दुसऱ्याच दुखण्याची खूण असते.

*

ही हालचाल प्रत्यक्ष पाहायची होती. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या झोप-तपासणी कक्षात एका रात्री बसायची परवानगी मिळाली. त्या रात्रीचे रुग्ण एसटीचे चालक होते, पन्नाशीचे, मानेने जाड, बोलायला मोकळे. त्यांनी मला आनंदाने बसू दिलं. "बघा बाई, मला तरी कुठे माहितीय मी रात्री काय करतो ते!" डोकं, छाती, पाय, हनुवटी, गाल अशा ठिकठिकाणी तंत्रज्ञ मुलगा चिकट लेप लावून तारा बसवत होता. तयारीला पाऊण तास लागला. चालकमामांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "गाडीच्या वायरिंगला एवढा वेळ लावला तर डेपो मॅनेजर घरी बसवेल."

काचेपलीकडच्या पडद्यावर ओळीखाली ओळ सरकत होती. मेंदूची, डोळ्यांची, हृदयाची, श्वासाची. तळाशी गालाच्या स्नायूची रेघ होती, जवळजवळ सरळ. साडेबाराच्या सुमारास तंत्रज्ञाने बोट ठेवलं. "आता बघा." हृदयाचे ठोके जवळजवळ आले, मेंदूची रेघ क्षणभर खडबडली आणि तळाच्या रेघेवर एकामागून एक काळे झुबके उमटले. सेकंदाला साधारण एक, अशा लयीत. स्पीकरवरून तो आवाज आला. पाटीवर पेन्सिल दाबून फिरवल्यासारखा. चालकमामा कुशीवर वळले आणि झोपेतच राहिले.

हा क्रम माँट्रियलच्या जिल लाविन्य आणि ताकाफुमी कातो यांच्या गटाने २००१ च्या आसपास उलगडून दाखवला. झोपेत आपण पूर्ण जागे न होता वारंवार किंचित वर येतो, बुडालेल्या माणसाने पाण्याखालूनच थोडं वर यावं तसे. दात खाण्याआधी काही मिनिटं शरीराची सावधपणाची यंत्रणा चढू लागते. चारेक सेकंद आधी मेंदूच्या लहरी वेगावतात, मग हृदय जोरात चालतं, हनुवटीखालचे स्नायू आखडतात आणि सगळ्यांत शेवटी गालाचा चर्वणस्नायू आवळला जातो. म्हणजे आपण ज्याला सुरुवात समजतो, तो आवाज खरं तर त्या साखळीचं शेवटचं टोक असतं. हे बहुतेक वेळा उथळ झोपेत घडतं, स्वप्नांच्या झोपेत फार कमी. तेव्हा ‘स्वप्नात कुणाशी तरी भांडत असेल’ हा समजही फारसा टिकत नाही.

लाविन्य यांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली. कधीच दात न खाणाऱ्या सुमारे ६० टक्के लोकांच्या जबड्यातही रात्री ही चघळण्यासारखी हालचाल होते, फक्त आवाज न करता आणि कमी वेळा. दात खाणाऱ्यांमध्ये ती तासाला तिपटीच्या आसपास वाढते, जोर वाढतो आणि दातावर दात येतो.

त्या जोराचीही मोजदाद झाली आहे. २००१ साली जपानी संशोधकांनी १० जणांच्या झोपेतल्या चाव्याचं बळ मोजलं. सर्वांत जोराचा चावा ८१.२ किलोचा होता. त्यातल्या एकाने तर झोपेत जो जोर लावला, तो जागेपणी जीव खाऊन दात आवळले तेव्हाच्या जोरापेक्षा अकरा टक्क्यांहून जास्त होता. जागेपणी दात दुखला की आपण चावा सोडतो. झोपेत तो पहारेकरी पेंगत असतो.

दाताचं वरचं कवच शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. त्यात ९६ टक्के खनिजं असतात आणि दाढेच्या उंचवट्यावरही त्याची जाडी फार तर अडीच मिलिमीटर भरते. दात हिरडीबाहेर येताच ते कवच बनवणाऱ्या पेशी संपतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी सोलली तर भरून येते, कवच गेलं ते गेलं. जात्याची तळी गुळगुळीत झाली की टाकी लावून घेता येते. इथे टाकी लावणारा कुणी दारावर येत नाही.

*

मग ओळखायचं कसं? ज्याला हे होतं त्याला ते ऐकू येत नाही, हीच यातली गोम. नवरा, बायको, बहीण, हॉस्टेलवरची खोलीतली मैत्रीण, गाडीतला समोरच्या बर्थवरचा प्रवासी, यांपैकी कुणीतरी साक्षीदार लागतो. एकत्र कुटुंबात, एका खोलीत ओळीने अंथरुणं पडत तेव्हा घरभर साक्षीदार असत. आता पुण्या-बंगळुरात एकटी राहणारी मुलंमुली वर्षानुवर्षं दात खातात आणि कुणाला पत्ता नसतो. अशांसाठी डॉक्टरबाईंचा सोपा उपाय आहे. तीन-चार रात्री फोन उशाशी ठेवायचा आणि आवाज नोंदवणारं एखादं अ‍ॅप लावून झोपायचं. पण नुसताच दात आवळणारा माणूस आवाज करत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

शरीर मात्र सकाळी थोडीबहुत साक्ष देतं. उठल्याउठल्या कानशिलं जड, जबडा आंबलेला, तोंड उघडताना कानापुढे कट्कन आवाज, आणि तासाभरात सगळं निवळतं. थंड पाण्याने दात सळसळतात. दातात भरलेलं चांदी-सिमेंट पुनःपुन्हा निघतं. चावताना नव्हे, तर चावा सोडताना एखाद्या दाढेत कळ येते. ही तड्याची खास खूण आहे. चेहरा चौकोनी दिसू लागतो, कारण गालाचे स्नायू व्यायामशाळेत गेल्यासारखे फुगतात. वाचता वाचताच करून पाहा. दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली जे उचललं जातं, ते रात्रभर काम करत असेल तर सकाळी डोकं दुखणारच.

दुखतं मात्र कानापाशी. जबड्याचा सांधा कानाच्या बरोबर पुढे असल्यामुळे माणसं आधी कानाच्या डॉक्टरकडे जातात, थेंब घालतात, कान स्वच्छ करून घेतात, मग डोळ्यांचा नंबर तपासतात. मला भेटलेल्या कोल्हापूरच्या एका शिक्षिकेने दोन वर्षं अर्धशिशीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. तिच्या तोंडात कुणी डोकावलंच नव्हतं.

झिजलेला दात दिसला की दात खाण्याचंच लेबल लावू नये, हे मला एका दंत महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी बजावलं. त्यांच्याकडे ग्रामीण भागातून येणाऱ्या बायकांचे दात मिशेरीने झिजलेले असतात. ती झीज बाहेरच्या बाजूला, हिरडीजवळ, बोट फिरतं तिथे. आम्लपित्ताने घशाशी येणारं पाणी किंवा रोजची सोड्याची बाटली दाताला विरघळवते, तेव्हा दाढेच्या माथ्यावर वाटीसारखे खळगे पडतात. दात खाण्याची झीज सपाट आणि चकचकीत असते, आणि वरच्या दाताचा सपाट भाग खालच्या दाताच्या सपाट भागावर कुलुपाला किल्ली बसावी तसा बसतो. शिवाय जुनी झीज आजच्या रात्रीचं काही सांगत नाही. पंचविशीत दात खाऊन थांबलेला माणूस पन्नाशीत तेच सपाट दात घेऊन येतो. म्हणून तज्ज्ञ तीन पायऱ्या मानतात. नुसतं सांगण्यावरून ‘शक्य’, तपासणीत खुणा दिसल्या तर ‘बहुधा’ आणि यंत्रावर नोंद झाली तरच ‘निश्चित’. बहुतेकांचं काम दुसऱ्या पायरीवर भागतं.

हे विरळा नाही. ब्रिटन, जर्मनी आणि इटलीत १३,०५७ लोकांना फोनवर प्रश्न विचारून केलेल्या आणि २००१ साली छापलेल्या पाहणीत आठवड्यातून एकदा तरी झोपेत दात खाणारे ८.२ टक्के निघाले. करोनाच्या काळात ही कुरकुर वाढली. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकन डेंटल असोसिएशनने केलेल्या विचारणेत ७० टक्क्यांहून अधिक दंतवैद्यांनी दात खाणारे रुग्ण वाढल्याचं सांगितलं.

*

मुलांची गोष्ट वेगळी. माझा साताऱ्याचा भाचा सहा वर्षांचा. रात्री असा दात खातो, की शेजारी झोपलेल्या आजोबांना उंदीर शिरल्याचा भास होतो. त्याला वावडिंगाचं पाणी देऊन झालं, जंताचं औषध दोनदा झालं, दृष्ट काढून झाली. तरी दात चालूच.

जंतांचा आणि दात खाण्याचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही. पक्का धागा हाती लागलेला नाही. जंतांचं औषध द्यायला हरकत नाही, ते एरवीही द्यायचंच असतं. २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशक दिन होतो आणि मुलांना अल्बेंडॅझोलची गोळी मिळते. पण ती घेऊनही दात वाजत राहिले, तर गोळी खोटी ठरत नाही आणि मूलही रागीट ठरत नाही. दुधाचे दात पडून कायमचे येण्याच्या वयात हे खूप मुलांत असतं, मोठ्यांपेक्षा जास्त, आणि बहुतेकांत वयाबरोबर आपोआप ओसरतं. दात झिजू नयेत म्हणून रात्री तोंडात घालायचं प्लास्टिकचं कवच त्यांना सहसा देत नाहीत, कारण जबडा वाढत असतो. दुर्लक्ष मात्र एका गोष्टीकडे करू नये. मूल तोंड उघडं टाकून झोपतं का, घोरतं का, मध्येच श्वास अडकून दचकतं का? नाकामागच्या गाठी किंवा टॉन्सिल सुजले असतील तर आधी त्यांच्याकडे पाहावं लागतं. भाच्याच्या गाठी तशाच निघाल्या. त्याच्यावर आता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत.

*

मोठ्यांमध्ये मागे काय काय दडलेलं असतं? ताण हा पहिला संशयित, आणि त्याचा हात असतोही. काळजी, परीक्षा, कर्ज, आजारपण यांच्या काळात अनेकांचं दात खाणं वाढतं. पण ताणाचं नाव घेतलं की बाकीचे संशयित सुटून जातात, अशी प्राध्यापकांची तक्रार होती.

२०१६ साली निरनिराळे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा दारू पिणाऱ्यांत झोपेत दात खाण्याची शक्यता सुमारे दुप्पट, धूम्रपान करणाऱ्यांत दुपटीहून जास्त आणि दिवसाला आठ कपांवर कॉफी घेणाऱ्यांत दीडपट दिसली. काही औषधंही यादीत आहेत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींचे दात वाजू लागतात. इथे सगळ्यांत मोठी चूक म्हणजे घाबरून गोळी आपल्या मनाने बंद करणं. डॉक्टरांना सांगितलं तर ते मात्रा किंवा औषध बदलू शकतात. न सांगितलं तर मन आणि दात दोन्हींचं नुकसान.

आणि श्वास. एसटीचे ते चालक खरं तर घोरण्याच्या तक्रारीसाठी आले होते. तपासणीत झोपेत त्यांचा श्वास वारंवार अडकत होता. त्यांच्या बायकोने दोन तक्रारी सांगितल्या होत्या, घोरतात आणि दात खातात. गावच्या दवाखान्यात फक्त दुसरी ऐकली गेली आणि त्यांना वरच्या दातांवर बसवायचं कवच मिळालं होतं. कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात अशा वरच्या कवचाने श्वास अडकणाऱ्या १० पैकी ५ रुग्णांचे अडथळे ५० टक्क्यांहून जास्त वाढलेले आढळले होते. दिवसा स्टिअरिंगवर डुलकी लागणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही. त्यांना हवेचा दाब देणारं यंत्र मिळालं. दोन महिन्यांनी फोनवर म्हणाले, "दातांचं नंतर बघू बाई, मी आता घाटात जागा असतो."

*

उपचारांच्या बाबतीत एक सरळ गोष्ट आधी स्वीकारावी लागते. दात खाणं हमखास बंद करणारं औषध नाही. दात वाचवता येतात, दुखणं कमी करता येतं आणि मागचं कारण सापडलं तर ते दूर करता येतं.

दात वाचवण्याचं सगळ्यांत जुनं साधन म्हणजे नाइट गार्ड. माझं कसं बनतं ते पाहायला मी गिरगावातल्या एका डेंटल लॅबमध्ये गेले. जिना चढतानाच प्लास्टरचा वास. टेबलावर शंभरेक पांढऱ्या जबड्यांच्या जोड्या, प्रत्येकीवर पेन्सिलने क्रमांक. कारागीर दादांनी माझी जोडी हातात घेतली, पितळी बिजागरीच्या यंत्रावर बसवली आणि उघडमीट करून दाखवली. मग खालचा जबडा डावीकडे सरकवला. माझे दोन सपाट सुळे खटकन एकमेकांवर बसले. जागेपणी मी जबडा तिथे कधीच नेत नाही. "इथे जाता तुम्ही रात्री," ते म्हणाले. इतक्या वर्षांत नवऱ्याने ऐकलेला आवाज कुठून येत होता, ती जागा मी परक्या माणसाच्या हातात पाहिली.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं दोनेक मिलिमीटर जाडीचं ते कवच डॉक्टरबाईंनी तोंडात बसवलं, मध्ये निळा कागद ठेवून चावायला लावलं आणि ठिपके सगळीकडे सारखे पडेपर्यंत घासत राहिल्या. हे घासणं प्लास्टिकचं, दातांचं नव्हे, हा फरक महत्त्वाचा. दात खाणं थांबवण्यासाठी चांगले दात घासून घेऊ नका आणि पटापट टोप्या बसवून घेऊ नका. जे परत आणता येत नाही, ते सुरुवातीला करू नये. औषधाच्या दुकानातली गरम पाण्यात मऊ करून बसवायची स्वस्त कवचंही जपूनच घ्यावीत. मऊ वस्तू दातात आली की काहींचा जबडा ती चघळायलाच लागतो, आणि फक्त पुढच्या दातांवर बसणाऱ्या कवचांनी दात सरकू शकतात. सरकारी दंत महाविद्यालयांत हे काम खासगीपेक्षा खूप स्वस्तात होतं, रांगेची तयारी हवी.

पहिला आठवडा लाळेने उशी भिजली. मग सवय झाली. गार पाण्याने धुवायचं, मऊ ब्रशने घासायचं, डबीत ठेवायचं, गरम पाणी लावायचं नाही, कारण ते वाकडं होतं. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर ठेवायची.

बोटॉक्सचीही बरीच जाहिरात दिसते. गालाच्या स्नायूत ते टोचलं की चाव्याचा जोर कमी होतो. झटके तेवढेच राहतात, फक्त दुबळे होतात. काही महिन्यांनी पुन्हा टोचावं लागतं आणि खर्चही पुन्हा. तीव्र दुखणं इतर उपायांनी हटत नसेल तेव्हा तज्ज्ञाच्या हातून घ्यायची ती गोष्ट आहे.

सगळ्यांत फुकट उपाय मात्र दिवसाचा आहे. चोवीस तासांत जेवता-गिळताना वरचे-खालचे दात एकमेकांना लागतात ते एकूण वीसेक मिनिटं. उरलेला वेळ ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची खरी विश्रांती. सुई ओवताना, गाडी चालवताना, संगणकासमोर हिशेब जुळवताना आपण ते आवळून ठेवतो. माझ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने सांगितलं, टिकल्या लाव. मी संगणकाच्या कोपऱ्यावर, फ्रिजवर आणि ओट्यावरच्या फरशीवर लाल टिकल्या लावल्या. टिकली दिसली की दात सोडायचे, जीभ टाळूला टेकवायची, खांदे खाली. पहिल्या दिवशी प्रत्येक टिकलीपाशी माझे दात आवळलेले सापडले. दिवसाची सवय सुटली की रात्रीचं थांबतंच असं नाही, पण सकाळचा ठणका माझा निम्म्यावर आला. शिवाय सुपारी बंद, च्युइंगगम बंद, जबडा दुखला की गरम कापडाचा शेक.

जबडा अडकून उघडेनासा झाला, दाढेत सोडताना कळ येऊ लागली, किंवा झोपेत श्वास थांबतो असं कुणी सांगितलं, तर मात्र टिकल्यांवर विसंबू नये, डॉक्टर गाठावा.

*

नवऱ्याला मी एक काम दिलं. वीस वर्षं गप्प बसल्याची भरपाई. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या खुणा असतात, त्याच चौकोनात त्याने रोज सकाळी एक नोंद करायची. आवाज ऐकला तर छोटी दाढ काढायची, नाही ऐकला तर काही नाही. कवच असलं तरी आवाज येतो, फक्त करकर जाऊन टकटक येते. त्याची दाढ चित्रात भोपळ्यासारखी दिसते, पण नोंद चोख असते.

परवा महिन्याचं पान उलटण्याआधी आम्ही दोघे चष्मे लावून ते वाचायला उभे राहिलो. लग्नघरी रात्री अकराला चहा झाला ती रात्र, भोपळा. ऑफिसचा हिशेब रात्री उशिरापर्यंत चालला ते तीन दिवस, ओळीने तीन भोपळे. मग माझं बोट एका तारखेवर थांबलं. त्या दिवशी दिवाळीला कुणाकडे जायचं यावरून आमचं जोरदार भांडण झालं होतं. दोघेही न जेवता झोपलो होतो.

चौकोन रिकामा होता.

"नीट ऐकलं होतंस ना?" मी विचारलं.

"पहाटेपर्यंत जागाच होतो," तो म्हणाला. "तू गाढ झोपली होतीस."

जाऊबाईंचा फोन आला आहे. या वर्षी कडबोळी करू का नको, असं विचारत होत्या. मी म्हटलं, करा. मोहन तेवढंच घाला, गेल्या वर्षीइतकं.